वरची ओळ

"वरची ओळ अजून मोठी कर रे. उगंच पट्टी लावून मापात बसवल्यासारखी नको, लांबून दिसायला पाहिजे."

काकांचं हे वाक्य गेले कितीतरी महिने माझ्या डोक्यातनं जाईना झालंय. तसं साधंच वाक्य. २०२५ च्या मार्चचा पहिला आठवडा, दुपारचे साडेतीन वाजले असतील, बेळगावच्या खडेबाजारात उन्हानं रस्ता पांढरा पडलेला आणि फ्लेक्सवाला पोरगा मोबाईलवर आमच्या दुकानाच्या नव्या बोर्डाचं डिझाईन घेऊन काउंटरवर उभा. वर कन्नड, खाली मराठी, त्याच्या खाली बारीक इंग्लिश. बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा २०२४ मध्ये झाला आणि आमच्याकडंही नोटीस येऊन गेलेली. मी त्या पोराला बजावून सांगितलं होतं, साठ म्हणजे साठ, एकसष्ट नको. आणि अमेरिकेतनं महिन्याभरासाठी आलेले माझे सख्खे काका खिशातनं चष्मा काढून, मोबाईल हातात घेऊन असं बोलले. आत वह्यांच्या गठ्ठ्यापाशी बसलेले बाबा उठले आणि मागच्या नळावर जाऊन हात धुवायला लागले. हात काही मळलेले नव्हते. नळ कितीतरी वेळ वाजत राहिला.

मी काकांच्या डाव्या हाताकडं बघत होते.

तो हात कोपरातनं सरळ होत नाही. १९८६ च्या जूनपासनं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. जून म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी, पुस्तकं, कंपास, दप्तरं, फुलस्केपचे गठ्ठे दाराबाहेरपर्यंत आलेले असायचे, आणि त्या वर्षी कन्नडसक्तीच्या विरोधात सगळं गाव पेटलेलं. कर्फ्यू लागला, दुकान बंद, पावसानं ओल धरलेल्या पुस्तकांचा वास घरभर, कारण आमचं घर दुकानाच्या मागंच. एका रात्री काका मागच्या दारानं आले, कुणाच्या माडीवरनं कुणाच्या परसात उतरत. कोपर एवढं सुजलेलं की शर्टाची बाही कात्रीनं कापायला लागली. आज्जीनं दिवा लावला नाही, अंधारातच सहाणेवर आंबेहळद उगाळली आणि काकांनी तोंडात पंचा धरला होता तेवढं मला आठवतंय. लाठी बसली होती. त्या आंदोलनात नऊ जण गेले, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी १ जूनला बाबा तिथं फुलं घेऊन जातात. अजून नव्या पुस्तकांचं पार्सल फोडलं की मला आंबेहळदीचा वास येतो. पार्सलात हळद नसतेच, खरं येतो.

आणि जो बोर्ड उतरवायचा होता तो काकांनीच रंगवलेला. पत्र्याचा, निळ्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात रंगवल्याचं साल, १९८५. काकांचं अक्षर गावात प्रसिद्ध होतं. गणपती मंडळाचे कापडी फलक, लग्नाचे बोर्ड, आणि आंदोलनाच्या काळात भिंतीवरच्या घोषणा, सगळं त्यांच्याच हातचं. दुकानाच्या नावातल्या 'विद्यार्थी' मधल्या रफाराला त्यांनी एक झोका दिला होता, पतंगाच्या शेपटासारखा. गावात कुणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, तो झोकेवाला बोर्ड दिसतोय बघा, तिथं. चाळीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन पिवळा रंग मेणासारखा झाला होता, झोका मात्र जागच्या जागी होता.

लाठी बसली त्याच्या पुढच्या वर्षी काका अमेरिकेला गेले. शिकायला म्हणून. आज्जीच्या पाटल्या विकून तिकीट काढलं, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. त्यांची पहिली दोन-तीन वर्षांतली पत्रं बाबांच्या कपाटात आहेत, एअरमेलची निळी, पातळ, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, उजेडात धरली की दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्यातलं १९८८ चं एक पत्र मी लग्नाच्या आधी चोरून वाचलं होतं. "रात्री एका मोटेलमध्ये काम करतो. खोल्या साफ करायच्या, चादरी बदलायच्या. या कामाचे कागद माझ्याकडं नाहीत, आईला सांगू नको. पोलिसांची गाडी दिसली की पाय आपोआप गल्लीत शिरायला बघतात, खरं इथं गल्ल्याच नाहीत." हे शेवटचं वाक्य मला तेव्हापासनं पाठ आहे.

नंतर काकूंशी लग्न झालं, त्या तिथल्याच नागरिक होत्या, मग रीतसर कागद झाले. १९९१ मध्ये काकांनी लॉस एंजेलिसमध्ये एक छोटं दुकान घेतलं, दूध, ब्रेड, सिगरेट, बिअर, लॉटरीची तिकिटं असलं. आणि १९९२ च्या एप्रिलच्या शेवटी ते शहर जळालं. एका काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस कोर्टात सुटले आणि रस्त्यावर आगडोंब उसळला, साठाच्या वर माणसं गेली, शेकडो दुकानं राख झाली, त्यात कोरियन दुकानदार सगळ्यात जास्त भरडले. काका-काकू दोन रात्री दुकानात फ्रीजच्या मागं बसून होते. फोन लावला तर पोलीस येईनात. काकूंनी मला एकदा सांगितलं, की बाहेरची मोठी काच फुटली तेव्हा काकांनी त्यांचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली, आणि ते मराठीत पुटपुटत होते, शिडी कुठाय, शिडी कुठाय. काकूंना त्याचा अर्थ अजून कळलेला नाही. मला कळला, आमच्या परसात माडीवर चढायला एक शिडी होती.

तिथनं पुढं काका बदलत गेले असं मी मनाशी धरलंय. एका दिवसात कुणी पक्ष बदलत नाही, पण एक काच फुटलेली असते आणि मग रोजचं एकेक तिच्यात जाऊन पडतं. टॅक्स, इन्शुरन्स, परवाने, तपासणीला येणारी माणसं, वाढत जाणारा ताशी पगार. नागरिक झाल्यावर पहिल्यांदा मत दिलं ते रिपब्लिकन पक्षाला. बाबांना फोनवर आधी कळेचना, आपल्याकडं रिपब्लिकन म्हणजे निळा झेंडा, त्यांना वाटलं काका तिथं जाऊन बाबासाहेबांच्या पक्षात गेले, आणि ते मनापासनं म्हणाले, चांगलं केलंस. मग २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांच्या मतांनी एक कायदा झाला, ९५० डॉलरपर्यंतची चोरी म्हणजे किरकोळ गुन्हा. काका सांगायचे, पोरं येतात, माझ्या डोळ्यात बघून पिशवी भरतात आणि चालत जातात, पळतसुद्धा नाहीत गं, चालत जातात. या चालत जाण्याचा त्यांना फार राग होता. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तो कायदा कडक करायचा प्रस्ताव मतदानाला आला त्याच्या सह्यांचे कागद काकांच्या काउंटरवर लॉटरीच्या तिकिटांशेजारी ठेवलेले होते, त्याचा फोटो मला पाठवलेला. प्रस्ताव पास झाला तेव्हा काकांनी गिऱ्हाइकांना कुंदा वाटला, इथनं नेलेला, डब्यात राखून ठेवलेला. पक्षाच्या सकाळच्या नाश्त्याच्या मीटिंगा, निवडणुकीत फोन करणं, अंगणात पाट्या लावणं, हे सगळं ते दुकान सांभाळून करत आलेत. मला खरं सांगायचं तर कौतुकही वाटतं. ज्या माणसाला गल्ली सापडत नव्हती तो तिथं दारोदार जाऊन मत मागतोय.

आणि मी हे अमेरिकेचं म्हणून बाजूला ठेवू शकत नाही, कारण तेच आमच्या घरातही झालंय. बेळगाव कर्नाटकात घातलं गेलं त्याचा निषेध म्हणून बाबा १ नोव्हेंबरला काळी पट्टी बांधून फेरीला जायचे, गुडघे चालत होते तोपर्यंत एकही वर्ष चुकवलं नाही. गावाचं नाव बेळगावी झालं ते २०१४ मध्ये, तेही १ नोव्हेंबरलाच, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. माझ्या धाकट्या भावाचा उद्यमबागेत वर्कशॉप आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतो, तो २०२१ च्या महापालिकेला कमळाचं काम करत होता. ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या आल्या, एकेकाळी जिथं महाराष्ट्र एकीकरण समितीशिवाय पान हलत नव्हतं तिथं. बाबा त्याला म्हणाले, हिंडलग्याचं विसरलास? भाऊ म्हणाला, "विसरलो नाही, खरं मला सकाळी आठला शटर उघडायचं असतंय. सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाची केस २००४ पासनं पडलीय, मी तोवर काय करू?" दोघंही खरं बोलत होते. मी भाकऱ्या थापत होते आणि मला कुणाचीच बाजू घेता आली नाही. भावाला आपला मोठा देव, मोठा झेंडा मिळाला आणि त्या मोठ्या झेंड्याखाली भाषा जरा मागं सरकली, असं मला वाटतं. त्याला तसं वाटत नाही. त्याच्या वर्कशॉपमध्ये निम्मी पोरं कन्नड बोलणारी आहेत, जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यात हात घालतात, तेही मी बघितलंय.

शेजारच्या कपड्याच्या दुकानातल्या शेठनी तर बोर्ड नोटीस यायच्या आधीच बदलला. त्यांचे वडील राजस्थानातनं आले, शेठ इथं जन्मले, मराठी आणि कन्नड दोन्ही आमच्यापेक्षा गोड बोलतात. मी विचारलं, एवढी घाई कशाला? म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक बोर्ड वाचून येत नाही, तोंड बघून येतंय. बोर्ड काय, ज्याचं राज्य त्याचा." त्यांना ते म्हणताना कुठंच दुखलं नाही. मला तेव्हा शेठचा हेवा वाटला.

तर त्या डिझाईनच्या दिवशी रात्री जेवताना विषय निघालाच. त्याच दोन-चार दिवसांत तिकडं इंग्लिश ही देशाची अधिकृत भाषा असा आदेश निघाला होता, १ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी सही केलेली, आणि काका खुशीत होते. इकडं फेब्रुवारीत मराठी-कन्नड वादात कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरनं वातावरण तापलेलं, महाराष्ट्रात जाणाऱ्या बस बंद, काका-काकूंचं कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन त्यात राहून गेलेलं. बाबांनी पानातला भात कालवत विचारलं, "आणि ते विमान? अमृतसरला उतरवली ती पोरं, हातात बेड्या घालून?" अमेरिकेनं कागद नसलेली म्हणून परत पाठवलेली १०४ माणसं होती त्या पहिल्या विमानात. काका म्हणाले, "अण्णा, रांग मोडून गेलं की असं होतंय. आम्ही रांगेत उभारलो." बाबांनी वर बघितलं, माझ्याकडंही बघितलं आणि पुन्हा भात कालवायला लागले. कपाट त्याच खोलीत होतं. निळी पत्रं त्याच कपाटात. बाबा एक शब्द बोलले नाहीत, आणि भावाला उघडं न पाडणाऱ्या त्या गप्प बसण्याचा मला अभिमान वाटला आणि रागही आला.

मग मीच बोलले. म्हटलं, काका, तुम्ही एका भाषेची सक्ती नको म्हणून हात मोडून घेतला आणि आता दुसऱ्या देशात एकच भाषा पाहिजे म्हणताय, हे कसं? त्यांना राग आला नाही. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, मी तिथं हललो. माझ्या पायानं गेलो. त्यांच्या घरात गेलो तर त्यांची भाषा वर ठेवायला पाहिजे. इथं आपण हललो नव्हतो. १९५६ मध्ये रेघ हलली, आपण होतो तिथंच होतो. दोन्हीत फरक आहे." हे मला पटलं. आजही पटतंय. खरंच मोठा फरक आहे, आणि आमच्या दुखण्याचं इतकं नीट उत्तर मला इथल्या भाषणांत कधी मिळालं नव्हतं. पण मग त्यांच्या दुकानात वीस-बावीस वर्षं काम करणारा तो मेक्सिकन माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला, ज्याला काका फोनवर नेहमी 'आपला माणूस' म्हणतात. कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच होता. लढाई झाली, तह झाला, रेघ हलली. १८४९ ची तिथली पहिली राज्यघटना सांगत होती की कायदे इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत छापायचे, ते तीस वर्षांनी नव्या घटनेत गेलं. ज्या १९८६ च्या जूनमध्ये इथं काकांचं कोपर मोडलं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियानं मत देऊन इंग्लिशला राज्याची अधिकृत भाषा केलं. आणि ज्या राष्ट्राध्यक्ष रेगनचं नाव काका देवासारखं घेतात त्यांनीच त्याच महिन्यात एका कायद्यावर सही केली, ज्यानं कागद नसलेल्या सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. हे सगळं मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, "तुमच्या त्या माणसाच्या आज्या-पणज्या तिथंच होत्या असतील तर, काका?"

काकांनी ताटातली मिरची उचलून बाजूला ठेवली. मग परत मध्ये ठेवली.

झोपायच्या आधी ते गच्चीवर आले. खाली खडेबाजार बंद झालेला, कुत्री भुंकायला लागलेली, कुठंतरी शटर ओढल्याचा आवाज. म्हणाले, "तू मला बोर्डावरनं रागावलीयस, माहिताय. ते मी भाषेसाठी बोललो नाही गं. एकसष्ट करू नको म्हणून तू भांडशील, उद्या कुणीतरी मापपट्टी घेऊन येईल, परवा कुणीतरी दगड घेऊन येईल. तुझ्या दुकानाला पुढनं सगळी काच आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "काच फुटल्यावर पहिल्यांदा आवाज येत नाही. आवाज नंतर ऐकू येतो." मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर कोपराचं हाड बाहेर आलेलं तसंच हाताला लागलं, जसं लहानपणी लागायचं. ते हाड मी लहान असताना त्यांना विचारून विचारून चाचपायचे.

बोर्ड लागला. जुना पत्रा उतरवताना काका स्वतः खाली उभे राहिले, दोन्ही हात वर करून, डावा अर्धाच. पत्रा बाबांच्या खाटेमागं भिंतीला लावून ठेवलाय. काका परत गेले.

मग जून. इकडं शाळा सुरू, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मराठी माध्यमाच्या पुस्तकांचा ढीग दरवर्षीसारखा गेल्या वर्षीपेक्षा बुटका. तिकडं लॉस एंजेलिसमध्ये धाडी सुरू झाल्या, कामाच्या जागांवरनं माणसं उचलायला लागले, रस्त्यावर सैन्य उतरवलं. काकूंचा फोन आला. 'आपला माणूस' आठ दिवस कामावर आला नव्हता. त्याच्याकडं कागद आहेत, पण त्याच्या बायकोकडं नाहीत आणि ते घरातनं बाहेर पडेनात. काका रोज रात्री दुकान बंद करून त्यांच्याकडं दूध, अंडी, भाजी पोचवायला जातात, आठवड्याचा पगारही पाकिटात घालून देतात. पक्षाच्या नाश्त्याला दोन रविवार गेले नाहीत. पक्ष सोडलाय का, मी विचारलं. काकू म्हणाल्या, नाही सोडला, अंगणातली पाटी आहे तशीच आहे, फक्त बोलत नाहीत, टीव्ही लावतात आणि आवाज बंद करतात. मी काकांशी बोलायला मागितलं तर म्हणाले, "पाऊस कसा आहे?" मी पावसाचं सांगितलं. धो धो लागलाय, कपिलेश्वराकडं पाणी साचलंय, ओव्हरब्रिजवर ट्रॅफिक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गल्लीगल्लीचं नाव घेऊन विचारलं.

त्याच रात्री उशिरा त्यांचा मेसेज आला. मार्चमध्ये काढलेला आमच्या नव्या बोर्डाचा फोटो, आणि कन्नड ओळीतल्या एका अक्षराभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, "थ च्या पोटात टिंब पाहिजे. टिंब नसल्यामुळं ध झालाय. विद्यार्धी. आज बघितलं." मी उठून दिवा लावला आणि फोटो मोठा करून बघितला. मला कन्नड बोलता येतं, हिशोबापुरतं वाचता येतं, तीन-चार महिने त्या बोर्डाखालनं जात होते आणि कळलं नव्हतं. कन्नड गिऱ्हाइकांपैकीही कुणी बोललं नव्हतं. काकांना कन्नड लिहायला शहापुरातल्या एका विणकराच्या पोरानं शिकवलं होतं, कॉलेजात असताना, आणि काकांनी त्याला देवनागरी अक्षरं वळवायला शिकवली होती, हे बाबांनी मला सकाळी चहा पिताना सांगितलं. मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, "ते पोरगं त्या जूनमध्ये रोज मागच्या दारानं येऊन त्याला बघून जायचं. आंबेहळद त्याच्याच आईनं दिलेली."

फ्लेक्सवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, पावसाळा झाल्यावर बघू. मग मीच काउंटरवरच्या डब्यातनं जाड काळा परमनंट मार्कर घेतला, दहा मिनिटं पाऊस थांबलेला बघून शिडी लावली आणि वर चढले. अक्षरं जवळनं खूप मोठी असतात, थ माझ्या तोंडाएवढा होता. फ्लेक्स ओला, रुमालानं पुसून घेतला तरी शाई पसरायला लागली, म्हणून टिंब हळूहळू, फिरवून फिरवून करायला लागलं. खाली शिडी हलत होती. शेजारचे शेठ गिऱ्हाईक सोडून बाहेर आले आणि दोन्ही हातांनी धरून उभारले, "सावकाश ताई, सावकाश."